आईचे पट्टे

खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखालून एकविसाव्या दिवशी पहाटे बारीक चिवचिव ऐकू आली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ पिल्ले तिच्या पिसांमधून डोकी बाहेर काढून इकडेतिकडे बघू लागली. चार काळी, तीन तांबूस आणि दोन अगदी कापसासारखी, त्यांतले एक पांढरे व एक राखाडी. काळी पिल्ले आमच्या पट्टेरी कोंबड्यांची होती आणि तांबूस पिल्ले तांबड्या कोंबड्यांची. या सातांचाही बाप एकच होता, परसातला तांबडा कोंबडा. कापसासारखी दोन मात्र सिल्की जातीची होती, त्यांची अंडी एका परिचितांकडून आणून याच कोंबडीखाली ठेवली होती. कोंबड्या पाळणाऱ्याला पिल्ले बघून जो आनंद होतो त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न येतोच, तो मलाही पडला. यांत तलंगा, म्हणजे तरुण माद्या, किती निघणार आणि कोंबडे किती?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो. खुराड्यातली जागा ठरलेली असते आणि एका कोंबड्यामागे साधारण आठ-दहा कोंबड्या असाव्यात असा पाळणाऱ्यांचा हिशोब असतो. कोंबडे त्याहून जास्त झाले की कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडते, कोंबडे आपापसांत झुंजतात आणि सगळ्या कळपाची शांतता जाते. जास्तीचे कोंबडे कोणाला तरी द्यावे लागतात आणि दिल्यानंतर त्यांचे काय होते हे देणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच जाणती माणसे सांगतात की पिल्लांची नावे लवकर ठेवू नयेत. मी तिसऱ्याच दिवशी एक नाव ठेवले. काळ्या पिल्लांपैकी दोघांच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. त्यांतले एक पिल्लू मी तळहात जमिनीला टेकवला की आपण होऊन त्यावर चढून बसे. त्याच्या डोक्यावरचा ठिपका इतका ठसठशीत होता की मी त्याला, म्हणजे माझ्या मनात ‘तिला’, चांदणी म्हणू लागले.

त्याच दिवशी मी एक वही केली. प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाचा सैल दोरा बांधला. पिल्लांचे पाय भराभर जाड होतात आणि तोच दोरा राहिला तर कातडीत रुततो, म्हणून आठवड्यातून दोनदा ते दोरे सोडून पुन्हा बांधण्याचे काम लागले. वहीत नऊ ओळी होत्या आणि दर आठवड्याला प्रत्येक ओळीत मी माझा अंदाज लिहायचा होता, आधीची पाने न उलटता. अंदाज किती खरे ठरतात हे मला बघायचे होते. आज ती वही पुढे घेऊन बसले की पिल्लांइतकीच माझ्या बघण्याचीही ती नोंद आहे, असे जाणवते.

नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात आणि ते अंडे घालण्याच्या आधीच ठरलेले असते. माणसांमध्ये अपत्याचे लिंग बापाकडून ठरते, पक्ष्यांमध्ये ते आईकडून ठरते. कोंबड्याच्या पेशीत लिंग ठरवणारी दोन्ही गुणसूत्रे सारखीच, झेड आणि झेड, असतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू असते. आईकडून झेड आले तर कोंबडा, डब्ल्यू आले तर कोंबडी. हे इतके साधे वाक्य आहे, परंतु त्याचा अर्थ माझ्या परसात मला उमगायला बारा आठवडे लागले, आणि तो उमगला तेव्हा चांदणीची गोष्ट एकदम उलटी झाली.

अंड्याच्या आकारावरून आत काय आहे ते ओळखता येते, ही समजूत फार जुनी आहे. अॅरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोलसर अंड्यातून नर. रोमन कृषिलेखक कोलुमेला याने नेमके उलटे सांगितले: कोंबडे हवे असतील तर लांब, टोकदार अंडी बसवावीत. दोघेही निरीक्षण करणारे होते आणि दोघांच्याही भोवती कोंबड्या होत्या, तरी एकमेकांच्या अगदी विरुद्ध नियम दोघांनी सारख्याच खात्रीने लिहिले. अंड्याचा आकार त्या कोंबडीच्या बीजवाहिनीवर अवलंबून असतो, आतल्या जीवावर नाही. एकच कोंबडी वर्षभर साधारण एकाच घडणीची अंडी घालते आणि त्यांतून दोन्ही निघतात. मला या मतभेदाचे हसू येत नाही. हवे ते उत्तर समोरच्या वस्तूवर उमटलेले दिसण्याची शक्ती मनात किती आहे, ते त्यातून कळते.

पहिल्याच दिवशी खात्रीने सांगणारी माणसे जगात आहेत, पण त्यांचे कौशल्य परसातले नाही. १९२० च्या दशकात जपानमधील संशोधकांनी दाखवले की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतल्या कडेला नरामध्ये एक अतिशय बारीक, मण्यासारखा उंचवटा असतो. मासुई आणि हाशिमोतो यांनी हे काम पुढे नेले आणि १९३३ मध्ये ते इंग्रजीतून जगासमोर आले. त्यानंतर जपानी तज्ज्ञ देशोदेशीच्या उबवणी केंद्रांवर जाऊ लागले. असा तज्ज्ञ तासाला आठशे ते हजार पिल्ले हातांखालून घालतो आणि शंभरांत जेमतेम दोन-तीन वेळा चुकतो. गंमत अशी की तो उंचवटा काही माद्यांमध्येही असतो आणि नरांमध्येही त्याचे आकार कितीतरी प्रकारचे असतात. त्यामुळे नियम पाठ करून हे काम येत नाही. हजारो पिल्ले गुरूच्या नजरेखाली बघितल्यावर हळूहळू डोळा तयार होतो, आणि मग पुष्कळदा पाहणाऱ्यालाही आपण नेमके काय पाहून ठरवले ते सांगता येत नाही. घरी हा प्रयोग करू नये, हे मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. दिवसभराच्या पिल्लाचे पोट चुकीच्या जागी दाबले गेले तर आतडे बाहेर येते आणि पिल्लू मरते. आपल्या उतावळेपणासाठी त्या जिवाने ही किंमत मोजावी, असा तो प्रश्न नाही.

पंख बघण्याची रीत निदान निरुपद्रवी आहे. पिल्लाचा पंख पंख्यासारखा अलगद उघडला की कडेला पिसांच्या दोन ओळी दिसतात, खालची मुख्य पिसांची आणि वरची त्यांना झाकणाऱ्या पिसांची. खालची पिसे स्पष्ट लांब असतील तर मादी, दोन्ही सारखी असतील किंवा वरची लांब असतील तर नर, असे सांगतात. मी तिसऱ्या दिवशी नऊही पिल्लांचे पंख उघडून पाहिले, वहीत रेघांची चित्रे काढली आणि त्यावरून पहिला अंदाज लिहिला. नंतर कळले की ही रीत सर्व कोंबड्यांना लागूच पडत नाही. पिसे उशिरा फुटण्याचा गुण झेड गुणसूत्रावर असतो. लवकर पिसे फुटणाऱ्या जातीचा कोंबडा आणि उशिरा पिसे फुटणाऱ्या जातीच्या कोंबड्या मुद्दाम एकत्र केल्या तरच मुलगे उशिराचे आणि मुली लवकरच्या निघतात, आणि तो फरकही पहिल्या दोन-तीन दिवसांतच वाचता येतो. माझ्या परसात तशी जुळणी नव्हती. पंखांवर मी जे वाचले ते तिथे लिहिलेलेच नव्हते.

आणि जे खरोखर लिहिलेले होते ते मला वाचता आले नाही.

चौथ्या आठवड्यात काळ्या पिल्लांची खरी पिसे आली. ठिपका नसलेली दोघे काळीभोर राहिली आणि मानेवर थोडी तांबूस झाक आली. ठिपका असलेल्या दोघांच्या प्रत्येक पिसावर मात्र करडे-पांढरे आडवे पट्टे उमटू लागले, अगदी आईसारखे. मला अतिशय आनंद झाला. चांदणी आईवर गेली होती! वहीतल्या त्या आठवड्याच्या नोंदीत माझ्या अक्षरात लिहिलेले आहे: ‘आईसारखे पट्टे, नक्की तलंग.’ काळ्याभोर दोघांपुढे मी ‘बापावर गेले, कोंबडे’ असे लिहिले. मुलगी आईसारखी आणि मुलगा बापासारखा, हा विचार मी तपासला नाही, कारण तो विचार आहे हेच माझ्या ध्यानात आले नव्हते.

पट्ट्यांचा गुणही झेड गुणसूत्रावर असतो. पट्टेरी कोंबडीकडे एकच झेड असते आणि ती आपले झेड देते ते मुलग्यांना. मुलींना ती डब्ल्यू देते, त्यामुळे मुलींकडे जे एकच झेड येते ते बापाचे असते. बाप बिनपट्ट्याचा असेल तर मुली बिनपट्ट्याच्या निघतात आणि आईचे पट्टे सगळेच्या सगळे मुलग्यांच्या अंगावर उतरतात. जन्मतःच्या काळ्या लवेवर हाच गुण डोक्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने दिसतो. पट्ट्यांचा वारसा असा लिंगाशी बांधलेला आहे, हे अमेरिकेत स्पिलमन यांनी १९०८ मध्ये दाखवले. केंब्रिजमध्ये आनुवंशिकतेचे अभ्यासक पनेट यांनी पीझ यांच्यासह याच गुणाचा उपयोग करून १९२९ मध्ये कॅम्बार नावाची जात तयार केली, जिची नर आणि मादी पिल्ले जन्मतःच रंगावरून वेगळी कळतात. तांबड्या कोंबड्याखाली पट्टेरी कोंबड्या ठेवण्याची जुळणी तर उबवणी केंद्रे मुद्दाम करतात. मी काहीही न ठरवता तीच केली होती. माझ्या नऊ पिल्लांपैकी चौघांचे उत्तर पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्यावर होते, आणि ज्या खुणेने ते पिल्लू नर असल्याचे सांगितले होते त्याच खुणेवरून मी त्याला चांदणी म्हटले होते.

हीच जुळणी उलटी केली, म्हणजे कोंबडा पट्टेरी आणि कोंबड्या तांबड्या असल्या, तर सगळी पिल्ले पट्टेरी निघतात आणि ठिपका काहीच सांगत नाही. हे लक्षात ठेवावे लागते. काळ्या पिल्लावरचा ठिपका म्हणजे नर, असा सरसकट नियम एकमेकांना सांगणारे लोक भेटतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते, आईबाप कोण होते तेवढे विचारायचे राहून गेलेले असते.

तांबड्या तिघांचे मात्र असे नव्हते. तिथे रंग सारखाच, ठिपका नाही, पट्टे नाहीत. बघायचे ते तुऱ्याकडे. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून कोंबड्याचा तुरा वाढू लागतो आणि चोचीखालच्या पाळ्या दिसू लागतात. हिरव्या दोऱ्याच्या पिल्लाचा तुरा तिघांत उंच होता, म्हणून मी त्याला कोंबडा ठरवण्याच्या बेतात होते. परंतु तिघांना शेजारी-शेजारी धरून उजेडात पाहिल्यावर दिसले की हिरव्या दोऱ्याचा उंच तुरा फिकट, पिवळसर होता, आणि निळ्या दोऱ्याचा तुरा उंचीने कमी असूनही बुडाशी जाड आणि गुलाबी-लाल झाला होता. कोवळ्या वयात उंचीपेक्षा रंग अधिक खरे सांगतो. कोणत्याही एका पिल्लाकडे एकटे बघून काही ठरत नाही, त्याच वयाच्या आणि त्याच जातीच्या भावंडांशेजारी उभे केले की बोलू लागते. लेगहॉर्नसारख्या जातींत तलंगेचाही तुरा मोठा असतो, तर ज्यांचा तुरा वाटाण्याच्या दाण्यांच्या ओळींसारखा बसका असतो त्यांच्यात कोंबड्याच्या मधल्या ओळी रुंद आणि लाल होतात एवढेच. म्हणून दुसऱ्याच्या कळपातल्या पिल्लाचे नुसते छायाचित्र बघून मत देण्याचे मी आता टाळते.

तुरा काय सांगतो याचा शोध हा जीवशास्त्रातला एक मोठा टप्पा आहे. १८४९ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन येथे बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञांनी सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांचे वृषण काढले त्यांचे तुरे खुंटले, आरवणे आणि झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा, पण वेगळ्या जागी ठेवले, त्यांचे तुरे लाल राहिले आणि ते नेहमीसारखे आरवू लागले. वृषण मूळ जागी नव्हते, तिथल्या मज्जातंतूंशी जोडलेले नव्हते, तरीही परिणाम होत होता, तेव्हा तो रक्तातून पोहोचत असला पाहिजे. संप्रेरकांच्या अभ्यासाची सुरुवात याच प्रयोगापासून मानतात. निळ्या दोऱ्याच्या पिल्लाचा तुरा रोज थोडा अधिक लाल होताना बघणे म्हणजे त्याच्या पोटात, पाठीच्या कण्याजवळ, डोळ्यांना न दिसणारे एक काम सुरू झाले आहे याची वार्ता बाहेरून वाचणे होते.

वागण्यावरून ओळखण्याचा मोह फार होतो आणि मी तो आवरला नाही. ताठ उभे राहणारे, पायात येणारे, छातीला छाती भिडवून उडी मारणारे पिल्लू कोंबडा असणार, असे वाटते. पण तीन-चार आठवड्यांची सगळीच पिल्ले एकमेकांवर उड्या मारतात, कारण कोण वरचढ हे तलंगांनाही ठरवायचे असते. माझ्या कळपातले सगळ्यांत भांडखोर पिल्लू हिरव्या दोऱ्याचे होते, आणि पुढे ती उत्तम अंडी देणारी कोंबडी झाली. वहीतली वागण्याची सगळी नोंद नंतर वाचली तर नर-मादीविषयी तिच्यातून काहीही हाती लागत नाही. कोणते पिल्लू कसे होते हे मात्र कळते, आणि त्या नोंदी मला आज सर्वांत प्रिय आहेत.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी माझी वही अशी होती: सिल्कींच्या दोन ओळी कोऱ्या, बाकीच्या सात ओळींत अंदाज. ठिपका नसलेल्या दोघांचे तुरे बारीक आणि फिकट राहिल्यामुळे त्यांना मी ‘कोंबडे’मधून काढून ‘तलंग’मध्ये घातले होते. ठिपक्याच्या दुसऱ्या पिल्लाचा तुरा लाल झाल्यामुळे त्याच्यापुढे ‘कोंबडा’ लिहिले होते. चांदणीचा तुराही तितकाच लाल होता, पाळ्याही आल्या होत्या, पाय जाड होते. तिच्यापुढे मी लिहिले होते: ‘तलंग, लवकर वयात येत असावी.’ सातांपैकी सहा अंदाज खरे ठरले. जो एक चुकला त्याच्याकडे मी सर्वांत जास्त वेळ पाहिले होते.

मग पिसांचा साक्षीपुरावा आला. दहाव्या आठवड्याच्या आसपास कोंबड्याच्या कमरेवर, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना, नवीन पिसे येतात. ती अरुंद, लांब, चकचकीत आणि टोकाला अणकुचीदार असतात, आणि शेपटीवर पाण्याच्या धारांसारखी ओघळतात. तलंगेच्या त्याच जागेवरची पिसे रुंद आणि टोकाला गोल असतात. मानेच्या पिसांतही हाच फरक असतो, पण तिथे नजर चुकते. कंबरेवर चुकत नाही. मी रात्री, सगळी दांडीवर बसून पेंगत असताना, बॅटरी घेऊन गेले. हिरव्या दोऱ्याच्या पाठीवरची पिसे बोटाने उलटी केली, सगळी गोल. काळ्याभोर दोघांची गोल. निळ्या दोऱ्याच्या पाठीत लालसर अणकुचीदार पिसांची एक मूठ होती. चांदणीपाशी मी जरा थांबले. तिने डोळे न उघडता गळ्यातल्या गळ्यात आवाज केला. पिसे उलटी केली तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, सुईसारख्या टोकांची, नुकती कोषातून बाहेर पडलेली सहा पिसे हाताला लागली. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या रात्री खुराड्यात उभी असताना ती मला पहिल्यांदा नीट कळली.

या पिसांविषयी एक गोष्ट कळल्यावर मी बराच वेळ तिच्यावर विचार करत राहिले. आपल्याला वाटते की कोंबड्याचा भरजरी पिसारा नरपणामुळे येतो. तसे नाही. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, पण पिसारा कोंबड्याचाच राहतो. उलट कोंबडीचे अंडाशय काढले किंवा आजाराने निकामी झाले, तर पुढच्या पिसगळीनंतर तिच्या अंगावर कोंबड्याची लांब, टोकदार पिसे येतात. म्हणजे भरजरी पिसारा हीच कोंबडीच्या जातीची मूळ अवस्था आहे, आणि अंडाशयातून येणारे संप्रेरक तिला साधी, गोल, आडोशात मिसळून जाणारी पिसे देते. अंड्यांवर जमिनीलगत एकवीस दिवस बसणाऱ्या पक्ष्याला त्या साधेपणाचीच गरज असते. तुरा आणि पिसे हे म्हणून दोन वेगळे साक्षीदार आहेत: तुरा वृषण असल्याचे सांगतो, टोकदार पीस अंडाशय काम करत नसल्याचे. दोघांचे म्हणणे जुळले की शंका उरत नाही. सीब्राइट नावाच्या छोट्या जातीत मात्र कोंबड्याच्या कातडीतच नर संप्रेरकाचे मादी संप्रेरकात रूपांतर होते आणि त्याचीही पिसे कोंबडीसारखी गोल राहतात. तिथे एकट्या तुऱ्याच्या साक्षीवर भागवावे लागते.

कोंबडीचे साधारणपणे डावे अंडाशयच वाढते, उजवे अविकसित राहते. डावे बिघडले की उजवीकडचा भाग कधीकधी वृषणासारखा वाढतो आणि मोठ्या वयाची कोंबडी आरवू लागते. १४७४ मध्ये बाझेल शहरात अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालवला गेला आणि त्याला त्या अंड्यासह जाळण्यात आले. ती बहुधा कोंबड्याच्या पिसांत वावरणारी एक म्हातारी, आजारी कोंबडी असावी. तिच्याभोवती जमलेल्या गर्दीतल्या कोणालाही आपण काय बघत आहोत हे माहीत नव्हते. ही हकिकत मला फार दुःखी करते.

चांदणी चौदाव्या आठवड्यात आरवला. निळ्या दोऱ्याचा त्याच्या आधी चार दिवस आरवला होता. पहिले आरवणे आरवण्यासारखे नसते. मान पुढे ताणली जाते, डोळे मिटतात, आणि घशातून कडी न लावलेल्या दाराच्या करकरण्यासारखा एक तुटका आवाज येतो. मग तो पक्षी स्वतःच दचकून आजूबाजूला बघतो. माझ्या हातातले दाणे खाता खाता त्याने ते केले आणि पुन्हा दाणे टिपू लागला. त्या दिवशी मी वहीत त्याच्यापुढचे ‘ती’ खोडले, पण नाव खोडले नाही. महिनाभर चौकशी केल्यावर एका ओळखीच्या घरी कोंबड्याची गरज असल्याचे समजले. त्यांचा कोंबडा गेला होता आणि आठ काळ्या कोंबड्या तेवढ्या उरल्या होत्या. तिथे चांदणी गेला, कळपाचा कोंबडा म्हणून. बाकीच्या दोन नरांना इतके चांगले ठिकाण मिळाले नाही. त्याविषयी मी इथे अधिक लिहिणार नाही.

सिल्कींनी सर्वांत जास्त वाट बघायला लावली. त्यांच्या पिसांचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे अंगभर पीस नसून लव असल्यासारखे दिसते आणि कमरेवरच्या टोकदार पिसांची खूण नीट उमटत नाही. तुरा अक्रोडासारखा बसका आणि काळपट-जांभळा, तेव्हा लाली बघायचीही सोय नाही. राहतो तो डोक्यावरचा झुबका. तलंगेचा झुबका गोल भरतो आणि कोंबड्याच्या झुबक्यातून काही लांब पिसे मागे झुकतात, पण हेही सावकाश होते. पिसातून किंवा रक्ताच्या थेंबातून डीएनए तपासून हे कोणत्याही वयात कळू शकते, आणि मला तसे सुचवलेही गेले. मी केले नाही, कारण आता मला घाई नव्हती. पाचवा महिना उलटल्यावर पांढऱ्याच्या झुबक्यातून दोन पिसे मागे वळली आणि तो आठवड्याभरात आरवला. राखाडीची ओळ कोरीच राहिली. आठव्या महिन्यात खुराड्याच्या कोपऱ्यात एक लहान, सायीच्या रंगाचे अंडे सापडले, तशा रंगाचे अंडे कळपातली दुसरी कोणीही घालत नव्हती, आणि मी नववी ओळ भरली.

एडिंबरोच्या रोझलिन संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये अशा काही पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचे अर्धे अंग कोंबड्याचे आणि अर्धे कोंबडीचे होते. एकाच रक्तातून, एकच संप्रेरके मिळत असूनही एका बाजूचा पाय जाड, काट्याचा, पाळी मोठी, आणि दुसऱ्या बाजूचे सगळे कोंबडीसारखे. त्यातून दिसले की पक्ष्यांच्या शरीरातली प्रत्येक पेशी आपली नर किंवा मादी ही ओळख पुष्कळ अंशी स्वतःजवळच बाळगते. हे वाचल्यावर मला वहीतली ती पहिली पाने आठवली. बारा आठवडे मी ज्याला अनिश्चित म्हणत होते ते पिल्लांच्या बाजूने क्षणभरही अनिश्चित नव्हते. त्यांच्या पंखाच्या टोकापासून नखापर्यंत ते ठरलेलेच होते.

सिल्कीच्या कोंबड्या फार खुडूक होतात. राखाडी दहा-बारा अंडी घालून बसली आणि उठेना. पांढरा तोवर गेला होता, परसातला तांबडा कोंबडाही म्हातारा झाला होता, म्हणून चांदणी जिथे आहे त्या घरून मी सात अंडी मागून आणली आणि तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी सहा फुटली. सहाही पिल्ले काळी आहेत. तिघांच्या डोक्यावर पांढरा ठिपका आहे, तिघांच्या नाही. गेल्या वेळी याच खुणेत सगळे उत्तर होते. या वेळी ती काहीच सांगत नाही, कारण चांदणीकडे दोन झेड आहेत, एकावर आजीचे पट्टे आणि दुसऱ्यावर काही नाही, आणि कोणते झेड कोणत्या मुलाला किंवा मुलीला मिळाले असेल याला नियम नाही. मी जुन्या वहीतच नवे पान घेतले आहे, सहा ओळी आखल्या आहेत आणि सहा रंगांचे दोरे कापून ठेवले आहेत.